न फुटलेली लाट

काळपट निळं पाणी आणि त्यातून वर उचललेली एक लाट. कव्हरवर एवढंच. फेस नाही, किनारा नाही, लाटेवर स्वार झालेला कुणी नाही. लाट उठलीय आणि अजून फुटलेली नाही, नेमक्या त्या मधल्या क्षणी कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलंय. फोटो वॉरन बोल्स्टर यांचा. सर्फिंग आणि स्केटबोर्डिंगचे फोटो हे त्यांचं क्षेत्र. राइड या इंग्लिश बँडच्या 'नोव्हेअर' या पहिल्या अल्बमचं हे कव्हर. १५ ऑक्टोबर १९९० रोजी क्रिएशन रेकॉर्ड्सने तो काढला. बँडमधली चारही पोरं ऐन तारुण्यातली, दिसायला छान, पोस्टरवर सहज शोभली असती. पण पुढच्या बाजूला त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा नाही.

हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वीस वर्षांची होते. तो रेकॉर्ड करताना बँडचे दोन गायक-गिटारवादक अँडी बेल आणि मार्क गार्डनर जेवढे होते, साधारण तेवढीच. अर्थात हे मला खूप उशिरा कळलं. त्या रात्री कळलं ते एवढंच की रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी गडबड आहे. 'सीगल' हे पहिलं गाणं सुरू झालं. आधी गिटारचा फीडबॅक, स्पीकरचा आवाज तारांत परत शिरून उठणारी ती शीळ, दाटत आला, मग बेस गिटार एकच वळण पुन्हा पुन्हा घेऊ लागली, मग ड्रम्स असे कोसळले की मी हेडफोन कानापासून जरा लांब धरला. गाणारे दोघं होते, पण ते कुठेतरी मागे, गिटारींच्या पलीकडे. भिंतीपलीकडून कुणी बोलतंय, आवाजाचा चढउतार कळतोय आणि शब्द मात्र हाती लागत नाहीत, अशी अवस्था. मी हेडफोनची पिन काढून पुन्हा घातली. वायर हलवून पाहिली. वायर ठीक होती.

माझा कान शब्दांवर पोसलेला. गाणं आवडलं की आधी त्याचे शब्द पाठ व्हायचे, चाल त्यांच्या पाठोपाठ यायची. त्यामुळे मला इथेही शब्द हवे होते. एक वही घेतली आणि एकेक गाणं थांबवत, मागे नेत, ऐकू येईल ते लिहून काढायला बसले. 'ड्रीम्स बर्न डाउन'च्या दोन कडव्यांना एक अख्खी संध्याकाळ लागली. काही ओळी लागल्या, काहींच्या जागी नुसती टिंबं राहिली, आणि काहींच्या जागी मला जे ऐकावंसं वाटत होतं ते आलं. पुढे कधीतरी छापील शब्द पाहिले तेव्हा माझ्या वहीतल्या निम्म्या ओळी वेगळ्या निघाल्या. खरे शब्द साधे आहेत, वीस वर्षांच्या मुलाला सुचावेत तसे. ते कळल्यालाही आता बरीच वर्षं झाली, तरी गाणं लागलं की मला अजून माझेच शब्द ऐकू येतात. ते पुसले जात नाहीत, आणि पुसावेत असं मला वाटतही नाही.

या संगीताला 'शूगेझ' म्हणतात, म्हणजे बुटांकडे टक लावून वाजवणाऱ्यांचं संगीत. हे नाव कौतुकाने पडलेलं नाही. 'साउंड्स' या ब्रिटिश साप्ताहिकात मूस नावाच्या बँडच्या कार्यक्रमाबद्दल लिहिताना ते आलं, असं सांगितलं जातं. त्यांचा गायक रसेल येट्स याने गाण्याचे शब्द कागदावर लिहून स्टेजच्या जमिनीवर चिकटवले होते आणि तो सारखा खाली बघत गात होता. तिथून हे नाव अशा सगळ्याच बँड्सना चिकटलं. प्रेक्षकांकडे बघत नाहीत, उड्या मारत नाहीत, गाण्यांच्या मधे चार शब्द बोलत नाहीत, असा त्यात टोमणा होता. 'मेलडी मेकर' या दुसऱ्या साप्ताहिकाने तर यांना 'स्वतःचाच उत्सव साजरा करणारी मंडळी' म्हटलं, कारण ही सगळी पोरं एकमेकांच्या कार्यक्रमांना हजर असायची. मला यात टोमणा मारण्याजोगं काही कधीच दिसलं नाही. दुसऱ्याचं गाणं ऐकायला जाणं हा दोष कसा काय होतो?

आणि खाली बघण्याला कारण होतं. ते मला एका मैत्रिणीच्या खोलीत कळलं. तिच्याकडे इलेक्ट्रिक गिटार होती, एक छोटा ॲम्प आणि पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणारी तीन पेडलं: डिस्टॉर्शन, डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (घुमारा). 'व्हेपर ट्रेल' या शेवटच्या गाण्यात चारच कॉर्ड्स, म्हणजे एकदम छेडलेल्या स्वरांचे चार मेळ, सुरुवातीपासून अखेरपर्यंत फिरत राहतात, म्हणून शिकायला तेच घेतलं. चार कॉर्ड्स तासाभरात बसल्या. मग तिने डिस्टॉर्शनच्या पेडलकडे बोट दाखवलं. मी पायाने ते दाबलं, लाल दिवा लागला, आणि मी तीच कॉर्ड पुन्हा वाजवली. खोलीत नुसता गढूळ गोंगाट भरला. कॉर्ड कुठे गेली तेच कळेना.

कारण समजायला सोपं आहे. गिटारच्या तारेतून येणारी विजेची लहर हे पेडल इतकी फुगवतं की सर्किटच्या मर्यादेत ती मावत नाही. मग तिचा माथा आणि तळ कापले जातात. गोल चढउतार चपटे होतात, आणि त्या चपटेपणातून मूळ स्वराच्या वरचे नवे स्वर निघू लागतात. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यातून जसे न छेडलेले स्वरही ऐकू येतात, तसंच काहीसं, फक्त फार आक्रमक. एकच तार वाजवली तर हे भरदार आणि गोड लागतं. पण सहा तारा एकदम वाजवल्या की प्रत्येक जोडीच्या बेरजा-वजाबाक्यांतून आणखी स्वर उपजतात, आणि ते मूळ कॉर्डशी जुळतीलच याची हमी नसते. षड्ज-पंचम तग धरून राहतात. त्यात गंधार मिसळला की पाणी गढूळ व्हायला लागतं. मैत्रिणीने मला तीन तारा सोडून द्यायला सांगितल्या, डिस्टॉर्शनची चावी निम्म्यावर आणली, डिले चालू केला, आणि मग त्याच चार कॉर्ड्स उजळ होऊन बाहेर आल्या. त्या अर्ध्या तासात माझी नजर सतत जमिनीकडे होती. कुठलं पेडल चालू, कुठलं बंद, कुठली चावी किती फिरवली. ही पोरं तर एकाच गाण्यात चार-पाच वेळा आवाजाचा रंग बदलायची. ती खाली बघणार नाहीत तर कुठे बघतील?

त्या दिवसापासून 'नोव्हेअर' मी वेगळ्या कानाने ऐकू लागले. आधी मला तो एकसंध गोंगाट वाटायचा. आता त्यात किती निवड आहे ते दिसायला लागलं. दोन गिटारी आहेत, बेल आणि गार्डनर दोघंही वाजवतात, दोघंही गातात. एक गिटार धुरासारखी पसरलेली असते, तेव्हा दुसरी स्वच्छ, सुट्या तारांनी, घंटेसारखी वाजत असते. 'पोलर बेअर'मध्ये ट्रेमोलो लावलेली गिटार आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज ठरावीक वेगाने लहान-मोठा होत राहतो, डोळ्यांसमोर कुणी हाताची बोटं पुढे-मागे करावीत तसा. गाणं त्या लुकलुकण्यावरच उभं आहे. 'इन अ डिफरंट प्लेस'मध्ये तर बराच वेळ गोंगाट नाहीच. दोघं इतक्या हळू गातात की आपलाही श्वास लहान होतो. गोंगाट येतो तेव्हा दार ढकलून येत नाही, पाण्याची पातळी वाढावी तसा येतो, आणि पुन्हा ओसरतो.

'कॅलिडोस्कोप' आणि 'डिके' मला इतर गाण्यांइतकी लागत नाहीत, हे सांगून टाकते. दोन्ही चांगली आहेत, वेगवान आहेत, आणि मी ती कधी ओलांडून पुढे जात नाही. पण माझा जीव दुसरीकडे आहे.

तो आहे 'ड्रीम्स बर्न डाउन'मध्ये. सुरुवातीला नुसते ड्रम्स. संथ, जड, मोठ्या रिकाम्या जागेत वाजवल्यासारखे, प्रत्येक ठोक्यामागे त्याची सावली. हा अल्बम लंडनच्या ब्लॅकविंग स्टुडिओत रेकॉर्ड झाला, आणि तो स्टुडिओ एका जुन्या, पूजाअर्चा थांबलेल्या चर्चच्या इमारतीत होता. हे वाचल्यापासून ते ठोके ऐकताना मला उंच छत दिसतं. ती सावली इमारतीची की मिक्सिंगच्या टेबलावरची, हे कानाने ओळखण्याइतकी मी जाणकार नाही, पण छत दिसतं एवढं खरं. ड्रम्सवर मग गिटारीची एक झुळझुळती ओळ येते. गाणाऱ्याचा आवाज येतो. प्रेम सुटून गेलंय आणि ते कुणाला सांगता येत नाही, अशी साधीच व्यथा. कडवं संपतं आणि जिथे ध्रुवपद यायला हवं तिथे गाणारा गप्प होतो.

आणि गिटारी फुटतात.

इतकी वर्षं ऐकूनही त्या जागी मी आधीपासून सावध होते, आणि तरीही दर वेळी हादरते. शब्द जिथे संपले तिथून पुढचं सगळं त्या आवाजात आहे. तो राग नाही. इतका मोठा आवाज म्हणजे राग, बंड, मुठी आवळणं, असं समीकरण रॉक संगीताने आपल्या डोक्यात पक्कं करून ठेवलंय. इथला मोठा आवाज लाजऱ्या माणसाचा आहे. ज्याला तोंडाने बोलता येत नाही, डोळ्यांत बघून तर नाहीच नाही, त्याने खाली मान घालून पायाने एक बटण दाबावं आणि सगळं सांगून टाकावं. सांगून झालं की गोंगाट ओसरतो, ती झुळझुळती ओळ पुन्हा येते, जणू काही झालंच नाही. वीस वर्षांची असताना मला हे असं शब्दांत मांडता आलं नसतं. पण वर्गात हात वर करायला घाबरणाऱ्या, फोनवर बोलण्याआधी वाक्यं लिहून ठेवणाऱ्या मला त्या जागी कुणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटायचं, हे पक्कं आठवतं.

म्हणूनच गाणाऱ्याचा आवाज मागे ठेवणं हा या संगीताचा गाभा आहे, असं मला वाटतं. गाणाऱ्याला पुढे आणून त्याच्यावर प्रकाश टाकला तर हे सगळं कोसळेल. तो गिटारींच्या बरोबरीने, त्यांच्याच उंचीवर उभा आहे. त्यामुळे तो आपल्याकडे येत नाही, आपल्यालाच आत जावं लागतं, आवाजाच्या पडद्यामागे, आणि तिथे कान देऊन बसावं लागतं. माझ्या वहीतले चुकीचे शब्द त्या आत जाण्यातूनच आले.

या सगळ्या धुक्यात माणूस वाट चुकत नाही याचं श्रेय मी ड्रमर लॉझ कोल्बर्टला देते. शूगेझबद्दल बोलताना लोक पेडलांबद्दल बोलतात, गिटारींच्या थरांबद्दल बोलतात, आणि ड्रमर राहून जातो. 'नोव्हेअर' ड्रम्ससाठी एकदा मुद्दाम ऐकून पाहा. 'सीगल'मध्ये तो सहा मिनिटं थांबतच नाही. गिटारी लांबलचक स्वर धरून असतात आणि तो त्यांच्याखालून धावत असतो, प्रत्येक वळणावर नवा तुकडा टाकत, सम चुकेल अशी भीती घालत आणि न चुकवता. स्टीव्ह क्वेरॉल्टची बेस त्याला धरून राहते. वर ढग, खाली घट्ट जमीन, अशी ही बांधणी आहे. याच पंथातल्या पुष्कळ बँड्सकडे ढग होते. जमीन फार थोड्यांकडे होती.

ही चौघं ऑक्सफर्डची. बेल आणि गार्डनर एका शाळेतले, मग बॅनबरीच्या आर्ट कॉलेजात गेले आणि तिथे कोल्बर्ट भेटला. १९८८ मध्ये बँड जमला. ॲलन मॅगीच्या क्रिएशन रेकॉर्ड्सने त्यांना घेतलं आणि १९९० या एकाच वर्षात जानेवारी, एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये तीन ईपी (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड्स) आणि ऑक्टोबरमध्ये हा अल्बम आला. दहा महिन्यांत चार रेकॉर्ड्स! इतक्या वेगाने फक्त ज्यांना अजून काही गमावायचं नाही तीच माणसं काम करू शकतात. रेकॉर्डिंग मार्क वॉटरमनने सांभाळलं आणि मिक्सिंग ॲलन मोल्डरने केलं. अल्बम ब्रिटनच्या यादीत ११व्या क्रमांकापर्यंत गेला. त्या नकाशात तेव्हा गर्दी होती: ऑक्सफर्डचेच स्वर्व्हड्रायव्हर, रेडिंगचे स्लोडाइव्ह आणि चॅप्टरहाउस, लंडनचे लश. आणि या सगळ्यांच्या आधी वाट पाडणारे माय ब्लडी व्हॅलेंटाइन, ज्यांचा पहिला अल्बम १९८८ मध्ये येऊन गेला होता आणि ज्यांचा 'लव्हलेस' १९९१ मध्ये यायचा होता.

शूगेझचा विषय निघाला की 'लव्हलेस'पाशी येऊन थांबतो, आणि ते रास्त आहे. त्या अल्बमात गिटार गिटार राहिलेलीच नाही, कुठलंतरी नवंच वाद्य झालीय. पण 'लव्हलेस' ऐकताना मी थक्क होते आणि 'नोव्हेअर' ऐकताना मला घरच्यासारखं वाटतं. तिथे काय करायचं ते नेमकं ठाऊक असलेल्या माणसाचा ध्यास आहे. इथे आपण काय करतोय ते पुरतं न कळलेल्या चार मुलांची धडपड आहे, आणि ती धडपड टेपवर जशीच्या तशी उतरलीय. 'पॅरलाइज्ड'मध्ये आवाज किंचित डगमगतो. अनुभवी गायकाने ती जागा पुन्हा गाऊन घेतली असती. इथे ती तशीच राहिली, आणि गाण्याला तीच शोभते. दुसऱ्या अल्बमपर्यंत राइडचे हात बसले होते. १९९२ चा 'गोइंग ब्लँक अगेन' अधिक सफाईदार आहे, अधिक खेळकर आहे, मला तो मनापासून आवडतो. पण डगमगणं तिथे संपलं.

त्यानंतर हवा बदलली. १९९१ च्या अखेरीपासून अमेरिकेतून ग्रंज हे जड, खरखरीत गिटारींचं रॉक आलं, मग ब्रिटनमध्ये ब्रिटपॉप आलं. आता पुन्हा प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघून, छाती काढून, ठळक शब्दांत गाणाऱ्यांचे दिवस होते. खाली बघणारी पोरं जुनी झाली. राइड १९९६ मध्ये फुटला. काही वर्षांनी अँडी बेल ओएसिसमध्ये बेस वाजवू लागला. ज्या पिढीने त्यांना मागे टाकलं, तिच्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये! मग २०१५ मध्ये तीच चौघं पुन्हा एकत्र स्टेजवर आली, आणि तेव्हापासून त्यांचे नवे अल्बमही आलेत. त्यांचे पुनर्मीलनानंतरचे काही कार्यक्रम मी रेकॉर्डिंगवर पाहिलेत. चाळिशी ओलांडलेली माणसं, चेहरे भरलेले, हात कितीतरी सरावलेले. आणि 'ड्रीम्स बर्न डाउन'ची ती जागा जवळ आली की दोन्ही गिटारवाल्यांची मान आपोआप खाली जाते.

परवा एका शांत रात्री मी पुन्हा सगळा अल्बम ओळीने ऐकला, दिवा बंद करून. ती वही अजून आहे. कागद पिवळा पडलाय, पेन्सिलची अक्षरं फिकट झालीत. 'व्हेपर ट्रेल' सुरू झालं तेव्हा ती उघडून पाहिली. या गाण्याच्या पानावर मी फार कमी लिहिलंय. चारपाच ओळी आणि खाली मोठी रिकामी जागा. हे बेलने लिहिलेलं आणि त्यानेच गायलेलं गाणं. बारा तारांच्या गिटारीची ती चार कॉर्ड्सची फेरी सुरू होते आणि थांबत नाही, लॉझचे ड्रम्स तिच्याखाली घोळत राहतात. विमान गेल्यावर आकाशात पांढरी रेघ राहते, हळूहळू रुंद आणि पुसट होत जाते, त्या रेघेचं नाव या गाण्याला आहे. कुणीतरी क्षणभर समोर होतं आणि आता नाही, एवढंच सांगायचंय, आणि ते सांगून झाल्यावर गाणं बराच वेळ शब्दांशिवाय चालतं. शेवटाकडे व्हायोलिन-चेलोसारखी तारवाद्यं वर येतात. तोवर सगळा अल्बम विजेच्या गिटारींनी भरलेला, आणि इथे लाकडावर ओढलेल्या गजाचा आवाज. एवढ्या गोंगाटानंतर तो इतका उघडा वाटतो की मी दर वेळी नकळत सरळ होऊन बसते. त्यांच्यासकट गाणं दूर जात जात विरतं.

सीडीवर यापुढे आणखी तीन गाणी आहेत, 'फॉल' या आधीच्या ईपीतली. मूळ एलपीवर ती नव्हती. चांगली गाणी आहेत, 'टेस्ट' तर मला फारच आवडतं, पण ती मी वेगळी, दुसऱ्या दिवशी ऐकते. आठवं गाणं पुसट व्हायला लागलं की माझं बोट स्टॉपच्या बटणावर जाऊन थांबतं. घाई करायची नसते. शेवटचा चेलो ऐकू येईनासा होतो, तरी अजून काही क्षण तो येतोय असंच वाटत राहतं. तेवढे क्षण जाऊ देते, आणि मग बटण दाबते.